विषाणू कमी, तरी धोका तेवढाच: एचआयव्हीमध्ये स्त्री आणि पुरुष यांची प्रतिकारशक्ती वेगळी का वागते?

गेल्या काही वर्षांत एचआयव्हीतून ‘बरे झालेल्या’ मोजक्या लोकांच्या बातम्या आल्या. त्यांपैकी २०२१ सालची अर्जेंटिनामधील एस्पेरान्झा शहरातील एका स्त्रीची बातमी विशेष चक्रावणारी होती. तिच्यावर अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण झालेले नव्हते आणि कोणतेही प्रायोगिक औषधही तिला दिलेले नव्हते. तरीही तिच्या कोट्यवधी पेशी तपासून संशोधकांना वाढू शकेल असा एकही अखंड विषाणू सापडला नाही. औषधांशिवाय विषाणू काबूत ठेवणाऱ्या अशा व्यक्ती अत्यंत दुर्मीळ असतात, पण त्यांच्यामध्ये स्त्रियांचे प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त आढळते. दुसरीकडे, उपचार मिळाले नाहीत तर स्त्रिया एड्सपासून पुरुषांपेक्षा अधिक सुरक्षित राहतात असे मात्र दिसत नाही. या दोन गोष्टी एकत्र कशा नांदतात हे समजून घ्यायचे तर आधी रक्ततपासणीच्या कागदावरील दोन आकड्यांकडे जावे लागते.

कागदावरचे दोन आकडे

एचआयव्ही हा विषाणू आपल्या प्रतिकारयंत्रणेतील सीडी४ नावाच्या पांढऱ्या पेशींमध्ये शिरतो, त्यांच्या जनुकीय साहित्यात स्वतःची प्रत जोडतो आणि त्यांच्याकडूनच नवे विषाणू तयार करून घेतो. त्यामुळे एआरटी (एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधे) केंद्रात जाणाऱ्यांना दोन आकडे पाठ असतात. पहिला सीडी४ पेशींचा, म्हणजे शरीराकडे किती बळ शिल्लक आहे याचा. दुसरा व्हायरल लोडचा, म्हणजे रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये विषाणूच्या किती प्रती आहेत याचा. पहिला जितका जास्त आणि दुसरा जितका कमी तितके चांगले, हा ढोबळ नियम बरोबर आहे. प्रश्न एवढाच की व्हायरल लोडच्या एकाच आकड्याचा अर्थ स्त्री आणि पुरुष या दोघांसाठी एकच असतो का.

१९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ज्या गाजलेल्या अभ्यासाने व्हायरल लोडवरून आजाराचे पुढचे भाकीत करता येते हे दाखवून दिले, त्यात १८० रुग्ण होते आणि ते सर्व पुरुष होते. यामागे वाईट हेतू शोधण्याचे कारण नाही. अमेरिकेत या आजाराची पहिली नोंद १९८१ मध्ये लॉस एंजेलिसमधील पाच तरुण पुरुषांमध्ये झाली, आणि पुरुषांचा दीर्घकालीन अभ्यासगट १९८४ मध्येच उभा राहिला. स्त्रियांचा तसा गट स्थापन व्हायला मात्र १९९३ साल उजाडले. भारतात १९८६ मध्ये चेन्नईत पहिल्यांदा ज्यांच्या रक्तात एचआयव्ही सापडला त्या स्त्रिया होत्या, पण उपचारांचे आडाखे भारतातून ठरत नव्हते. अशा रीतीने जी मोजपट्टी जगभर वापरात आली ती पुरुषांच्या शरीरावर आखलेली होती.

बाल्टिमोरचे कोडे

या मोजपट्टीबद्दलची शंका पुढे आली ती अमेरिकेतील बाल्टिमोर शहरातून. तेथे सुईने अमली पदार्थ घेणाऱ्यांचा एक गट अनेक वर्षे नियमित तपासणीखाली होता, त्यामुळे प्रत्येकाला संसर्ग साधारण केव्हा झाला हे कळत होते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १५६ पुरुष आणि ४६ स्त्रिया होत्या. संसर्गानंतरच्या पहिल्या तपासणीत पुरुषांचा मध्यक (आकडे क्रमाने लावल्यास मधोमध येणारा) व्हायरल लोड ५०,७६६ होता, तर स्त्रियांचा १५,१०३, म्हणजे एक तृतीयांशाहूनही कमी. सीडी४ पेशींच्या संख्येत मात्र दोघांमध्ये लक्षणीय फरक नव्हता. पुढे २९ पुरुष आणि १५ स्त्रियांना एड्स झाला, आणि गटांच्या आकाराचा हिशेब धरून पाहिले असता दोघांच्या धोक्यात लक्षणीय तफावत निघाली नाही.

याच शहरातील १९९८ च्या एका विश्लेषणाने हीच गोष्ट उलट बाजूने मांडली होती: एक स्त्री आणि एक पुरुष यांचा व्हायरल लोड अगदी सारखा असेल, तर स्त्रीला एड्स होण्याचा धोका सुमारे १.६ पट असतो.

याचा व्यावहारिक परिणाम लहान नव्हता. त्या काळातील अमेरिकी मार्गदर्शक सूचनांमध्ये व्हायरल लोड २०,००० च्या वर गेला की औषधे सुरू करावीत असा एक निकष होता. बाल्टिमोरच्या गटाला तो लावला असता पहिल्या तपासणीत ७४ टक्के पुरुष उपचारांस पात्र ठरले असते, तर स्त्रियांपैकी केवळ ३७ टक्के. धोका सारखा असूनही स्त्रियांना पुरुषांच्या निम्म्याच प्रमाणात दार उघडले असते. आपल्याकडे हा नेमका अन्याय झाला नाही, कारण एप्रिल २००४ मध्ये सरकारी केंद्रांतून मोफत एआरटी सुरू झाली तेव्हा निकष सीडी४ चा होता आणि व्हायरल लोडची नियमित तपासणी आली ती २०१८ मध्ये. गरिबीमुळे एखादी चूक टळावी, त्यातला हा प्रकार.

पहारा कोण देते?

विषाणू कमी आणि धोका तेवढाच, याचे उत्तर विषाणूत नसून त्याच्याशी लढणाऱ्या शरीरात आहे.

रक्तात एक विशिष्ट प्रकारच्या पेशी फिरत असतात. त्यांचे शास्त्रीय नाव प्लाझ्मासायटॉइड डेंड्रिटिक पेशी असे जिभेची परीक्षा पाहणारे आहे, तेव्हा आपण त्यांना पहारेकरी पेशी म्हणू. या पेशींच्या आत टीएलआर७ नावाचे एक प्रथिन असते. एचआयव्ही, इन्फ्लुएंझा, कोरोना यांसारख्या विषाणूंचे जनुकीय साहित्य आरएनएचे बनलेले असते आणि टीएलआर७ ते ओळखते. ओळख पटताच पहारेकरी पेशी इंटरफेरॉन नावाचे द्रव्य मोठ्या प्रमाणात सोडतात. इंटरफेरॉन म्हणजे शरीरभर दिलेली हाक: आसपासच्या पेशी विषाणूविरोधी बंदोबस्त वाढवतात आणि संसर्ग झालेल्या पेशींना मारणाऱ्या सीडी८ पेशी जाग्या होतात.

२००९ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी स्त्रियांच्या आणि पुरुषांच्या रक्तातील या पहारेकरी पेशींना प्रयोगशाळेत एचआयव्हीच्या आरएनएचे तुकडे दाखवले. स्त्रियांच्या पेशींपैकी अधिक पेशींनी इंटरफेरॉन तयार केले. त्याच संशोधकांनी उपचार न घेतलेल्या रुग्णांचे नमुने तपासले, तेव्हा व्हायरल लोड सारखा असताना स्त्रियांच्या सीडी८ पेशी पुरुषांपेक्षा जास्त उत्तेजित अवस्थेत आढळल्या. बाल्टिमोरच्या कोड्याची ही पहिली ठोस उकल होती.

दुसऱ्या एक्स गुणसूत्राचा वाटा

टीएलआर७ चे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. स्त्रियांकडे दोन एक्स असतात आणि पुरुषांकडे एक. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स जवळजवळ पूर्ण बंद केला जातो, म्हणून त्यावरील जनुकांचा डोस दोघांत सारखा राहायला हवा. परंतु काही जनुके या बंदीतून निसटतात. फ्रान्समधील तुलूझ येथील संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवले की स्त्रियांच्या प्रतिकारपेशींपैकी काहींमध्ये टीएलआर७ हे जनुक असेच निसटते आणि दोन्ही प्रती काम करत राहतात. ज्या पुरुषांकडे जन्मतः दोन एक्स आणि एक वाय असे गुणसूत्र असते, त्यांच्या पेशींमध्येही हेच आढळले.

या एका जनुकाचे वजन किती, हे कोविडच्या पहिल्या लाटेत दिसले. नेदरलँड्समधील दोन कुटुंबांतील चार धडधाकट तरुण पुरुषांना अतिदक्षता विभागात ठेवावे लागले आणि तपासात त्यांचे टीएलआर७ जनुकच निकामी असल्याचे निघाले. त्यांच्याकडे एकच एक्स असल्यामुळे दुसरी, चांगली प्रत नव्हती. उलट टोकाला, ल्युपससारख्या आजारात शरीर स्वतःवरच उलटते आणि तो आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांना सुमारे नऊपट अधिक होतो. त्यातही टीएलआर७ चा हात असल्याचे पुरावे आहेत.

संप्रेरकांचाही वाटा आहे. इस्ट्रोजेनच्या प्रभावाखाली पहारेकरी पेशी अधिक इंटरफेरॉन सोडतात, तर दुसरीकडे इस्ट्रोजेन पेशीत दडलेल्या विषाणूला झोपवून ठेवायला मदत करते असे २०१८ च्या एका संशोधनात दिसले. हा दुसरा गुण पुढे, इलाजाच्या म्हणजे विषाणू कायमचा घालवण्याच्या संदर्भात, महत्त्वाचा ठरतो.

जोरात लढणे महाग का पडते?

रानडुकरांपासून मका वाचवण्यासाठी माचाणावर बसलेल्या राखणदाराची कल्पना करा. आठ-दहा रात्री फटाके वाजवले तर डुकरे दूर राहतात आणि पीक हाती येते. पण डुकरे कधीच पूर्ण जात नाहीत म्हणून वर्षानुवर्षे रोज रात्री फटाके वाजत राहिले, तर कधी कडब्याची गंजी पेटते, कधी गोठ्यातली जनावरे बिथरतात आणि घरातल्या कुणालाही धड झोप मिळत नाही. फ्लूच्या बाबतीत शरीराचे काम आठ-दहा रात्रींत संपते. एचआयव्हीच्या बाबतीत ते संपत नाही, कारण विषाणू पेशींच्या जनुकीय साहित्यातच घर करून बसलेला असतो.

सतत उत्तेजित राहणाऱ्या प्रतिकारपेशी दमतात आणि लवकर मरतात. त्याहून वाईट म्हणजे एचआयव्हीला शिरायला उत्तेजित सीडी४ पेशीच सर्वांत सोयीच्या असतात, त्यामुळे लढाईसाठी जागवलेले सैन्यच विषाणूला नवी घरे पुरवते. रक्तवाहिन्यांच्या अस्तरासही दीर्घकालीन दाह सोसावा लागतो.

रोगाला विषाणूची संख्या कारणीभूत आहे की हा अखंड गजर, या प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर पश्चिम आफ्रिकेतील सूटी मँगाबी या माकडांकडून मिळते. एचआयव्हीचा चुलतभाऊ असलेला विषाणू त्यांच्या रक्तात भरपूर असतो, तरीही ती माकडे सहसा आजारी पडत नाहीत. तोच विषाणू आशियातील मकाक माकडांना दिला तर ती एड्ससारख्या आजाराने मरतात. दोघांच्या पहारेकरी पेशींची तुलना केली असता मँगाबीच्या पेशी या विषाणूला पाहून फारच थोडे इंटरफेरॉन सोडतात असे २००८ मध्ये दिसून आले. ती जणू विषाणूला सोबत घेऊन जगायला शिकली आहेत. माणसाच्या शरीराला ते जमलेले नाही, आणि ज्याचा प्रतिसाद अधिक तीव्र त्याला त्याची किंमतही अधिक मोजावी लागते.

गर्भातले उलटे चित्र

हा फरक केवळ वयात आल्यानंतरच्या संप्रेरकांचा नाही, हे दक्षिण आफ्रिकेतील क्वाझुलू-नाताल प्रांतातील बाळांवरून कळते. आईकडून गर्भातच संसर्ग झालेल्या बाळांमध्ये मुलींची संख्या मुलांपेक्षा जास्त आढळते. संशोधकांचा तर्क असा की मुलीच्या गर्भाचा इंटरफेरॉन-प्रतिसाद मुळातच जोरकस असतो आणि तिच्याकडे उत्तेजित सीडी४ पेशीही अधिक असतात. विषाणूला जागा मिळते, पण तेथे टिकाव धरतो तो इंटरफेरॉनला दाद न देणारा, चिवट विषाणूच. मुलांच्या वाट्याला येणारा विषाणू बहुधा इंटरफेरॉनपुढे नमणारा असतो.

याच प्रांतातील २८४ बाळांना जन्मल्याबरोबर औषधे सुरू केली गेली आणि त्यांच्यावर काही वर्षे लक्ष ठेवले गेले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पाच बाळे अशी निघाली की त्यांची औषधे मध्येच सुटली किंवा अनियमित झाली, तरीही त्यांच्या रक्तात विषाणू परत दिसला नाही. पाचही मुलगे होते. प्रौढांमध्ये औषधांविना विषाणू रोखणाऱ्यांत स्त्रिया अधिक, आणि जन्मतः संसर्ग झालेल्यांत मुलगे, हा विरोधाभास वाटतो, पण दोन्हींच्या मुळाशी इंटरफेरॉनच्या तीव्रतेतील तोच फरक असावा असे संशोधक मानतात. (या पाच बाळांवरून कुणीही आपली किंवा मुलाची औषधे थांबवून पाहू नयेत. उरलेल्या बाळांपैकी बहुसंख्यांना सलग तीन वर्षेही विषाणू दबलेला ठेवता आला नाही.)

‘प्रत्येक स्त्रीला हे लागू होते का?’

नाही. वर दिलेले सगळे फरक सरासरीचे आहेत, आणि दोन्ही गट एकमेकांत बरेच मिसळलेले असतात. कितीतरी पुरुषांचा व्हायरल लोड कितीतरी स्त्रियांपेक्षा कमी असतो. वय, गरोदरपण, रजोनिवृत्ती, क्षयरोगासारखे सोबतचे आजार, पोषण आणि विषाणूचा प्रकार या साऱ्यांचा परिणाम होतो. म्हणून एखाद्या स्त्रीने आपल्या अहवालातील आकड्याला मनाने १.६ ने गुणण्यात अर्थ नाही. हा फरक कळतो तो समूहाकडे पाहिल्यावर, आणि त्याचा उपयोग आहे तो निकष आणि चाचण्या आखणाऱ्यांना. संप्रेरके घेणाऱ्या पारलिंगी व्यक्तींच्या बाबतीत तर गुणसूत्रे एका बाजूला आणि संप्रेरके दुसऱ्या बाजूला असे चित्र असते. त्यांच्यावरील अभ्यासांतून या दोन्हींचे वाटे वेगळे करता येतील, पण असे अभ्यास फारच थोडे झाले आहेत.

‘मग दवाखान्यात पुरुषच जास्त का दगावताना दिसतात?’

भारतात काय किंवा आफ्रिकेच्या दक्षिण भागात काय, उपचारांवरील पुरुषांचा मृत्युदर स्त्रियांपेक्षा सहसा जास्त आढळतो, त्यामुळे हा आक्षेप योग्यच आहे. मात्र त्याचे मोठे कारण प्रतिकारशक्ती नसून उशीर हे आहे. गरोदरपणात प्रत्येक स्त्रीची एचआयव्ही तपासणी केली जाते, त्यामुळे अनेकींचे निदान लक्षणे नसतानाच होते. पुरुष बहुतेक वेळा खोकला, ताप, जुलाब असह्य झाल्यावर, सीडी४ खाली गेलेला असताना केंद्रात येतात. कामधंद्यासाठीचे स्थलांतर आणि दारू यांमुळे त्यांच्या गोळ्याही अधिक सुटतात. थोडक्यात, आकडेवारीत दोन वेगळे प्रवाह मिसळलेले असतात: एक शरीराचा आणि दुसरा समाजाचा. दुसरा प्रवाह इतका जोरकस आहे की पहिला त्यात दिसेनासा होतो. महाराष्ट्रासाठी हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण देशात एचआयव्हीसह जगणाऱ्यांची सर्वाधिक संख्या याच राज्यात आहे आणि देशभरात अशा व्यक्तींमध्ये पाचांपैकी दोनहून अधिक स्त्रिया आहेत.

‘आता गोळ्या लगेच सुरू होतात, मग प्रश्न उरतोच कुठे?’

२०१७ पासून आपल्याकडे सीडी४ कितीही असला तरी निदान होताच उपचार सुरू केले जातात. त्यामुळे उंबरठ्याच्या आकड्याचा वाद संपला, हे खरे आहे. टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर यांची एकत्र गोळी स्त्री-पुरुष दोघांमध्येही विषाणू सारख्याच खात्रीने दाबते, आणि स्त्रियांसाठी वेगळ्या औषधांची गरज नाही.

तरीही विषाणू दबला म्हणजे गजर पूर्ण थांबला असे होत नाही. उपचार नीट चालू असतानाही दाहाची काही चिन्हे रक्तात मागे उरतात आणि अनेक अभ्यासांत ती स्त्रियांमध्ये अधिक दिसली आहेत. त्याचा परिणाम हृदयावर होतो. बोस्टनमधील दोन रुग्णालयांच्या नोंदींवर आधारलेल्या २००७ च्या अभ्यासात, एचआयव्ही असलेल्या पुरुषांना हृदयविकाराचा झटका येण्याचे प्रमाण एचआयव्ही नसलेल्या पुरुषांच्या १.४ पट निघाले. स्त्रियांमध्ये हीच तुलना जवळपास तिप्पट भरली. एरवी रजोनिवृत्तीपूर्वी स्त्रियांना हृदयविकारापासून जे संरक्षण मिळते, ते येथे झिजलेले दिसते.

या धोक्यावर काही करता येते का, हे पाहण्यासाठी १२ देशांतील ७,७६९ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली. भारतही त्यात होता. ४० ते ७५ वर्षे वयाच्या, एआरटी घेणाऱ्या आणि हृदयविकाराचा धोका फारसा नसलेल्या या लोकांना पिटाव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध दिले असता हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना ३५ टक्क्यांनी घटल्या. २०२३ मध्ये आलेल्या या निष्कर्षांचे वजन अधिक वाढते ते सहभागींमध्ये ३१ टक्के स्त्रिया होत्या यामुळे. चाळिशी ओलांडलेल्या आणि वर्षानुवर्षे गोळ्या घेणाऱ्या स्त्रीने रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल यांच्या तपासणीबद्दल केंद्रातील डॉक्टरांना स्वतःहून विचारावे, हे यातून निघणारे साधे तात्पर्य आहे. डोल्युटेग्राव्हिरवर असताना वजन वाढण्याचे प्रमाणही स्त्रियांमध्ये जास्त आढळले आहे, म्हणून वजनकाट्यावरील नोंद केवळ औपचारिकता म्हणून उरकायची नाही. याच भेटीत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणीही विचारून घ्यावी, कारण एचआयव्ही असलेल्या स्त्रियांना त्याचा धोका सुमारे सहापट असतो.

इलाजाच्या शोधात स्त्रिया कुठे आहेत?

आजची औषधे विषाणूची वाढ थांबवतात, पण पेशींमध्ये झोपी गेलेल्या विषाणूंपर्यंत त्यांचा हात पोहोचत नाही. या सुप्त साठ्यामुळेच गोळ्या थांबल्या की काही आठवड्यांत विषाणू बहुधा परततो. साठा रिकामा करण्याची एक कल्पना अशी की आधी विषाणूला जागे करायचे आणि मग मारायचे. स्त्रियांमधील साठा सहजासहजी जागा होत नाही असे दिसते, आणि त्यामागे इस्ट्रोजेनचा हात असल्याची शक्यता आहे. म्हणजे पुरुषांवर बेतलेली मात्रा स्त्रियांना अपुरी पडू शकते. तरीही २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार इलाजाच्या चाचण्यांत सहभागी झालेल्यांमध्ये स्त्रियांचे मध्यक प्रमाण केवळ ११ टक्के होते, तर जगात एचआयव्हीसह जगणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रिया आणि मुली आहेत. बाळंतपणाच्या वयातील स्त्रियांना वगळणे, मूल सांभाळायला कुणी नसणे, दूरच्या शहरात पुन्हापुन्हा जावे लागणे, अशी याची कारणे आहेत आणि त्यांपैकी बहुतेक दूर करता येण्यासारखी आहेत.

इलाजाच्या दिशेने केवळ स्त्रियांवर झालेली पहिली चाचणी अमेरिकेत पार पडली. रजोनिवृत्ती झालेल्या ३१ स्त्रियांना विषाणू जागा करणारे व्होरिनोस्टॅट देण्यात आले आणि त्यांतील काहींना सोबत टॅमॉक्सिफेन. स्तनाच्या कर्करोगात वर्षानुवर्षे वापरली जाणारी ही गोळी इस्ट्रोजेनची पेशीवरची पकड सैल करते, तेव्हा ती झोपलेल्या विषाणूवरचे पांघरूणही काढेल असा तर्क होता. तो खरा ठरला नाही आणि टॅमॉक्सिफेनमुळे विषाणू अधिक जागा झाला नाही. स्त्रिया चाचण्यांसाठी मिळत नाहीत ही अनेक वर्षे ऐकवली जाणारी सबब मात्र या ३१ जणींनी निकालात काढली.